शकू उभी राहिली तो दिवस

आमच्या घरी सोमवारचा उपवास सुटला की ताटं लगेच उचलली जात नसत. आई उष्ट्या हातानं तशीच चुलीपाशी बसून राही. आप्पा पाटावरून मागं सरकून भिंतीला टेकत. सकाळी लिंगपूजेला लावलेलं कपाळावरचं भस्म दिवसभराच्या घामानं अर्धं पुसलेलं असे. मग ते म्हणत, "हं, बोला. काय दिसलं ह्या आठवड्यात?" आम्ही दोघी बहिणीच. मी थोरली, शकू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. भाऊ नव्हता, आणि त्याबद्दल आल्यागेल्यानं हळहळ व्यक्त केली की आप्पा हसून विषय बदलत. सोमवारी आम्ही दोघींनी आळीपाळीनं सांगायचं, की गावात काय बिघडलेलं दिसलं आणि त्याचं काय करता येईल. नुसतं बिघडलंय एवढंच सांगून चालत नसे. "रडगाणं नको," आप्पा म्हणत, "विलाज सांग." विलाज सुचेपर्यंत खरकट्या ताटावरून उठायची परवानगी नव्हती. ज्वारीच्या भाकरीचे कण हातावर वाळून जात, अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास बोटांना राही, आणि शकू डोळे मिटून विचार करत बसलेली मला अजून दिसते.

गाव लहान, राणीसावरगावच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं. घराच्या पुढच्या खोलीत आमचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या, वर पत्रे. दुकानाचे आवाज घरभर असत: तराजूची पारडी एकमेकांवर आपटायची, गुळाच्या ढेपेवर बत्ता पडायचा, रॉकेलच्या पंपाचा कोरडा उसासा यायचा. मागच्या खोलीतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येई, आणि त्याच्या वेगावरून तिचा राग ओळखता येई. आप्पांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झालेली. मराठी लिहायला ते मोठेपणी, दुकानात येणाऱ्या रद्दी वर्तमानपत्रांवरून शिकले. ते सांगत, की त्यांच्या वडिलांना एक साधी अर्जी करायची तर परभणीला जाऊन मुन्शी शोधावा लागे, आणि मुन्शी काय लिहितो ते वडिलांना कळत नसे. "आपलं गाऱ्हाणं आपल्याला वाचता येत न्हाई, ह्याच्यापेक्षा वाईट काय असतंय?" असं ते म्हणत. म्हणून दोन्ही मुलींनी लिहायला शिकायचं आणि चार माणसांत उभं राहून बोलायलाही शिकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

यातलं लिहिणं मी उचललं आणि बोलणं शकूनं. माझं अक्षर चांगलं होतं. गावातल्या हातपंपाचा दांडा मोडला तेव्हा ती गोष्ट शकूनं सोमवारी सांगितली, विलाजही तिनंच सांगितला, आणि पंचायत समितीला पोस्टकार्ड मी लिहिलं. तीन आठवड्यांनी पान्यांची पिशवी घेऊन एक माणूस सायकलवर आला. पंपातून पहिलं पाणी आलं तेव्हा शकू त्या पाण्याखाली कपड्यांसकट उभी राहिली आणि आप्पांनी दुकानातले गूळ-फुटाणे सगळ्या आळीत वाटले. त्या दिवशी मला खरोखर वाटलं, की जगातली प्रत्येक बिघडलेली गोष्ट एका पोस्टकार्डाच्या अंतरावर आहे. हा विश्वास मुलांच्या मनात घालणं सोपं नसतं. मी पुढं चौतीस वर्षं परभणीच्या एका शाळेत शिकवलं, त्यात नागरिकशास्त्र हा विषय बहुतेक दरवर्षी माझ्याकडं असे, पण तो विश्वास मला एकाही वर्गात तयार करता आला नाही. मुलं प्रश्नांची उत्तरं पाठ करत, मी गुण देई, आणि तास संपे. आप्पांनी ते चौथीपर्यंतच्या उर्दू शिक्षणावर आणि सोमवारच्या खरकट्या ताटांवर करून दाखवलं होतं.

सातवीनंतरची शाळा गावात नव्हती. शेजारच्या मोठ्या गावाच्या हायस्कुलात जायला आम्हाला तासभर चालावं लागे. वाट ओढ्यावरच्या फरशीवरून, मग दोन्ही बाजूंच्या ज्वारीतून. पीक वाढलं की वाटेवरचं माणूस दहा पावलांवरूनही दिसत नसे. गावातून त्या शाळेत जाणाऱ्या मुली आम्ही दोघीच. मी दहावीत होते, शकू आठवीत. त्या हिवाळ्यात सरपंचांचा पुतण्या दिगंबर आणि त्याचे दोन सोबती ओढ्याच्या फरशीवर बसू लागले. आधी नुसती गाणी म्हणत. मग मागून ढेकळं फेकू लागले. मी मान खाली घालून चालण्याचा वेग वाढवी. शकू वळून बघे आणि म्हणे, "नेम तरी धर नीट." मला तिचा राग येई. आपण बोललो नाही तर ते कंटाळतील, असं मी तिला सांगत असे, आणि माझा त्यावर खरंच विश्वास होता.

एका दुपारी परत येताना मी पुढं होते. पंधरा-वीस पावलं असतील. मागं शकूचा आवाज बंद झाला म्हणून मी वळले. दिगंबरनं तिचं मनगट धरलं होतं. तो म्हणत होता, "माझं नाव घे, मग सोडतो." बाकीचे दोघं हसत होते. शकूची वह्यांची पिशवी खाली पडली होती आणि एक वही ओढ्याच्या पाण्यात हळूहळू उलगडत चालली होती. मला सगळं दिसत होतं. ओरडायला हवं होतं, परत धावायला हवं होतं, निदान ढेकूळ तरी उचलायला हवं होतं. मी उभी राहिले. मग शकूनं खाली वाकून त्याच्या हाताचा असा चावा घेतला, की तो किंचाळला आणि तिघंही ज्वारीत पळाले. ती पिशवी गोळा करून माझ्याकडं आली. रडत नव्हती. मनगट लाल झालं होतं. "चल," ती म्हणाली, "सोमवार परवाच हाय."

"कुणाला सांगू नको," मी म्हणाले. "शाळा बंद करतील आपली."

"आप्पा करणार न्हाईत."

तिला एवढी खात्री होती. आज या वयात मला वाटतं, तिच्या खात्रीला मी घाबरत होते, दिगंबरला नाही.

सोमवारी तिनं सांगितलं. शब्द न गाळता, आवाज न चढवता. "दिगंबरनं माझा हात धरला, आप्पा. मी चावले त्याला. ताई पुढं होती, तिनं बघितलं."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं.

आईचा हात कपाळाला गेला. "अगं बाई, गावात कुणाला बोलली तर न्हाईस ना?"

"न्हाई बोलली म्हंजे?" आप्पा म्हणाले. "आता समद्या गावाम्होरं बोलायचं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. गावच्या पोरी शाळंला जायल्यात, त्यांची वाट गावानं सांभाळायची का न्हाई, एवढंच विचारायचं. भांडायला न्हाई जायचं आपल्याला." मग शकूकडं वळून म्हणाले, "बोलशील ना?"

"बोलीन की," शकू म्हणाली.

मधले दिवस आप्पा तिला दुकानात उभं करून बोलायला लावत. गिऱ्हाईक नसलं की ते पोत्यावर बसत आणि म्हणत, "समज, मी गाव हाय." त्याच दिवसांत एका सकाळी आई धपाट्याचं पीठ मळत होती आणि मी लसूण सोलत होते. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुझं दहावीचं साल हाय. फारम भरलाय. तुझे आप्पा भोळे हाईत. पोरीचं नाव एकदा चावडीत निघालं, की मग ती खरी का खोटी कुणी विचारत न्हाई. धाकटी तर बोलणारच हाय. तू तरी सांभाळ स्वतःला." ती दुष्टपणानं बोलली नाही. तिला तिच्या लेकींपैकी एक तरी वाचवायची होती. पुढं कितीतरी वर्षं मी माझा दोष आईच्या या बोलण्यावर टाकत आले. तो तिचा नव्हता. तिनं मला एक दार दाखवलं होतं, त्यातून गेले मी.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना दोन दोन बिस्किटं मिळाली, आणि माणसं मारुतीच्या पाराखाली सतरंजीवर येऊन बसली. ग्रामसभेला बायका त्या काळी बसत नसत. आई आणि आळीतल्या चारपाच जणी देवळाच्या भिंतीआड उभ्या होत्या. आम्ही दोघी आप्पांशेजारी, सतरंजीच्या कडेला. रस्त्याचं, खडीचं, विहिरीच्या गाळाचं बोलणं झालं. मग आप्पा म्हणाले, "माझ्या धाकटीला काई सांगायचंय," आणि शकू उभी राहिली. निळा परकर, तेल लावून चप्प बसवलेल्या वेण्या. तेरा वर्षांची पोर. तिनं दुकानात पाठ केलं होतं तसंच, न अडखळता सांगितलं. फरशी, ढेकळं, धरलेला हात, दिगंबरचं नाव. शेवटी म्हणाली, "आमची वाट आमाला मोकळी पायजे, म्हंजे आणिक पोरी शाळंला येतेल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "पोरींला एवढं शिकवू नका म्हणलं तर आयकत न्हाईत." दोघं-तिघं हसले. सरपंच रागावले नाहीत. ते गोड बोलणारे गृहस्थ होते, आमच्या दुकानातून त्यांच्या घरचं सामान जाई, आणि आप्पांना ते कायम आम्हा लिंगायतांच्या रीतीनं 'शरणार्थ' म्हणून नमस्कार करत. त्यांनी शकूला उत्तरच दिलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाळ, तू थोरली. हँडपंपाचं पत्र तूच लिवलं होतंस. तुझ्या शब्दाला गावात मान हाय. तू सांग. तुझ्या बहिणीचा हात धरलेला तू बघितला का?"

शकू माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट, आता सगळं सोपं झालं, असं तिला वाटलेलं मला दिसलं.

"मी न्हाई बघितलं," मी म्हणाले. "मी लय पुढं होते."

यानंतर काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. शकू काही क्षण तशीच उभी राहिली. तिनं माझं नाव घेतलं नाही, खोटं बोलतेस म्हणाली नाही. दिगंबरच्या बापानं पोरीची जीभ फार चालते, असं काहीतरी म्हटलं. सरपंचांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि लेकरांची भांडणं असतात, म्हणून विषय संपवला. मी आप्पांकडं पाहिलं. घरी मी मान हलवली होती, ती त्यांनी पाहिली होती. ते उठतील, मला धरून हलवतील, लोकांना खरं सांगतील, असं मला वाटलं. तसं व्हावं असंही मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं. आप्पांनी शकूचा हात धरून तिला हळूच खाली बसवलं. बस, एवढंच केलं त्यांनी.

त्या आठवड्यात गावातली निम्मी गिऱ्हाइकं दुकानापुढून नुसतीच जाऊ लागली. शकूला पाहिलं की पोरं चावल्याचा आवाज काढत. शनिवारी आप्पा म्हणाले, की शकूनं यंदापुरती शाळा राहू द्यावी. शकूनं विचारलं, "आन् ताई?" आप्पांनी तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवून पुरं केलं. मग म्हणाले, "तिला कोण काय करणार? तोंड सांभाळणारी पोरगी कुठंबी जाऊ शकती." हे वाक्य आप्पांचं होतं. ज्यांनी आम्हाला विलाज सुचेपर्यंत ताटावरून उठू दिलं नाही, त्यांचं. त्यानंतरच्या सोमवारी उपवास सुटला, कुणी काही विचारलं नाही, आणि आईनं ताटं उचलली.

मी शाळेत जात राहिले. शेजारच्या आळीतले एक म्हातारे आजोबा मला ओढ्यापर्यंत सोडत. पुढं कुणी त्रास दिला नाही. घरी आले की शकू चुलीपाशी असे. सुरुवातीला ती विचारायची, "आज काय शिकवलं?" आणि मी भूगोल, गणित सगळं सांगायची, पीठ चाळता चाळता ती ऐकायची. उन्हाळ्यापर्यंत तिनं विचारणं सोडलं. यंदापुरती राहिलेली शाळा कायमची राहिली. मी दहावी झाले, डी.एड. केलं, नोकरीला लागले. शकूचं सतराव्या वर्षी पाथरीला लग्न झालं. तिच्या घरच्यांचं बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान आहे.

माझी मुलं शिकली, चांगल्या नोकऱ्यांना लागली. लोक म्हणतात, बाईंनी मुलांना वळण चांगलं लावलं. मी त्यांना शाळेत सोडताना रोज एकच सांगायची, की कशात पडू नका. मागच्या वर्षी माझ्या मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं, की त्याच्या इमारतीच्या वॉचमनला कुणा रहिवाशानं जिन्यात मारलं. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय करणार? दार लावून घेतलं. उगीच पोलीस, साक्षी... तूच सांगत आलीस ना आई." त्याच्या आवाजात लाज नव्हती, आणि ती का नव्हती हे मला पुरतं ठाऊक होतं. शकूच्या तिन्ही लेकी मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही, रेशनला धान्य कमी मोजलं, मुलींच्या शाळेतल्या संडासाला कडी नसली, तर त्या अर्ज लिहितात आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलत नाहीत. थोरली वकील आहे. शकूनं त्यांना सोमवारी जेवताना बसवून बोलायला लावलं, हे मला खूप उशिरा, त्या वकील भाचीकडूनच कळलं.

आप्पा शेवटच्या आजारपणात परभणीला माझ्याकडं होते. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा ते एकदम म्हणाले, "त्या सभंत मी उठायला पायजे होतं. घरी थोरली हो म्हणलीय, एवढं सांगायला पायजे होतं. तू लहान होतीस. मी कुठं लहान होतो?" मी म्हणाले, "राहू द्या आता, आप्पा." त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि उरलेली पेज घेतली नाही. त्यांना आणखी बोलायचं होतं. तेव्हाही मीच बोलू दिलं नाही.

शकूला हे सगळं सांगायला मी गेल्या दिवाळीनंतर पाथरीला गेले. एवढी वर्षं आम्ही भेटत होतो, लग्नाकार्यात एकमेकींच्या ओट्या भरत होतो, आणि तो दिवस दोघींमध्ये कधी आला नव्हता. दुपारची वेळ होती. दुकानात गर्दी नव्हती. बाहेर जीपवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. शकू एका नव्या नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. ती मुलगी गेल्यावर तिनं फुटलेल्या काचा कागदावर गोळा केल्या. मी ठरवून आलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "शकू, मी बघितलं होतं."

कशाबद्दल म्हणतेस, असं तिनं विचारलं नाही. काचांचा कागद घडी घालत म्हणाली, "मला म्हायती हाय की."

"मग तू तिथं बोलली का न्हाईस? मी खोटं बोलायलेय म्हणून?"

"तुझी शाळा बंद झाली असती." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की मला पटकन अर्थच लागला नाही. तेरा वर्षांची ती, माझ्याकडं बघत गप्प उभी होती, ते गोंधळून नव्हे. तिनं ठरवलं होतं.

मी रडू लागले. ती रडली नाही. गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल तिनं माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाली, "ताई, एक सांगू? लोक म्हणत्यात, शकूला लहानपणापासून लय धीर. तसं काई नव्हतं. त्या दिवशी माझे पाय लटलट कापायलते. मी एकटी असते तर उठलेच नसते. तू शेजारी बसलीस म्हणून मी उठले."

एक गिऱ्हाईक आलं. शकू उठली आणि बांगड्यांचं माप घ्यायला तिनं त्या बाईचा हात हातात घेतला.